दुपारच्या सुट्टीतील धाव

जेवणाच्या सुट्टीत कचेरीतून बाहेर पडायचे, जवळच्या बागेत किंवा ट्रॅकवर पाच-सात सोबत्यांबरोबर पाऊण तास धावायचे, अंघोळ उरकून पुन्हा टेबलाशी यायचे आणि मग डबा उघडायचा, ही ब्रिटन आणि उत्तर युरोपातील नोकरदारांमध्ये चांगली रुळलेली रीत आहे. या पाऊण तासात अनेक गट इंटर्व्हल ट्रेनिंग करतात. ठरलेले अंतर किंवा ठरलेला वेळ वेगाने धावायचे, मग मोजून दम खायचा, मग पुन्हा तेच, असे पाच, आठ किंवा दहा वेळा. मांडणी एवढीच. हाती वेळ थोडा असेल तर त्यातून सर्वांत जास्त फळ देणारा धावण्याचा प्रकार हाच, आणि एकट्याने करायला सर्वांत कंटाळवाणाही हाच. म्हणून त्याला घड्याळ जितके लागते तितकीच सोबतही लागते.

दुपारच का, याचे पहिले कारण तिकडच्या हवामानात आहे. लंडनमध्ये डिसेंबरच्या मध्यास सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. नऊ ते साडेपाच नोकरी करणारा माणूस अंधारात घर सोडतो आणि अंधारातच परततो. उजेड त्याच्या वाट्याला येतो तो जेवणाच्या सुट्टीत. हवाही त्या वेळी गार असते, म्हणजे जोरात धावायला उत्तम. दुसरे कारण संसारी आहे. संध्याकाळ मुलांची, स्वयंपाकाची आणि गाडीच्या गर्दीची असते. दुपारच्या तासावर मात्र घरचे कुणी हक्क सांगत नाही. शरीरही या वेळी साथ देते. पहाटे शरीराचे तापमान उतरलेले असते आणि सांधे-स्नायू आखडलेले असतात. दुपारपर्यंत ते सैलावतात.

या पद्धतीचा जन्म मात्र नोकरदारांच्या सोयीसाठी झालेला नाही. जर्मनीत १९३०च्या दशकात प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांनी तिला शास्त्राची बैठक दिली. धावपटूने छोटे अंतर अशा वेगाने धावायचे की नाडी मिनिटाला १८० ठोक्यांपर्यंत जावी. ती १२०च्या आसपास उतरली की पुन्हा निघायचे. दीड मिनिटात नाडी उतरली नाही तर वेग जास्त झाला किंवा आजचे काम संपले, असे समजायचे. हृदयाला खरा लाभ होतो तो या थांब्यात, असा दोघांचा दावा होता. पुढच्या संशोधनात तो जसाच्या तसा टिकला नाही, पण विश्रांतीही मोजूनच घ्यायची ही शिस्त तेव्हापासून कायम झाली. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. तो जागतिक विक्रम सोळा वर्षे कुणाला मोडता आला नाही. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक तर एकेका दिवशी चारशे मीटरच्या कितीतरी फेऱ्या मारी. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती त्याने जिंकल्या. असा पराक्रम पुन्हा कुणी केलेला नाही.

त्याच हेलसिंकीत १,५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर चौथा आला. शर्यत जिंकली लक्झेंबर्गच्या जोसी बार्थेलने, आणि तोही गेर्शलरच्याच हाताखाली तयार झालेला. बॅनिस्टर वैद्यकाचा विद्यार्थी होता. अभ्यास सांभाळून थोडका सराव करायचा ही त्याची पद्धत. ऐन वेळी कार्यक्रमात उपांत्य फेरी वाढवली गेली, लागोपाठ शर्यती धावाव्या लागल्या आणि तो थोडका सराव अपुरा पडला. त्याच्याकडे वेळ वाढवायला नव्हता. तो लंडनच्या पॅडिंग्टन भागातील सेंट मेरीज रुग्णालयात शिकत होता, ज्या रुग्णालयात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलीन शोधले तेच हे. रोजच्या कामात मोकळा मिळे तो दुपारचा एक तास. साडेबाराला बाहेर पडून तो जवळच्या पॅडिंग्टन रिक्रिएशन ग्राउंडवर जाई, राखमिश्रित मातीच्या ट्रॅकवर धावे, घाईने चार घास खाई आणि दीडच्या सुमारास परत वॉर्डात हजर होई.

या तासात बसणारा सराव कोणता, याचे उत्तर इंटर्व्हलमध्ये होते. डिसेंबर १९५३पासून बॅनिस्टर ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या धावू लागला, दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटांचा थांबा. ४४० यार्ड म्हणजे सुमारे ४०२ मीटर. अशा चार फेऱ्यांचा एक मैल होतो. चार मिनिटांच्या आत मैल धावायचा तर प्रत्येक फेरीला साठ सेकंदांहून कमी वेळ हवा. सुरुवातीला त्याच्या फेऱ्या ६६ सेकंदांच्या होत. ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे हे मित्र सरावाला सोबत होते, आणि प्रशिक्षक म्हणून ऑस्ट्रियातून आलेला फ्रान्झ स्टाम्फल सल्ला देई. हिवाळाभर एकेक सेकंद कमी करत एप्रिलपर्यंत फेरी ६१ सेकंदांवर आली आणि तिथे अडकली. काही केल्या पुढे सरकेना. मग बॅनिस्टर आणि ब्रॅशर सराव सोडून स्कॉटलंडच्या डोंगरांत गिर्यारोहणाला निघून गेले. काही दिवस कडे चढून परतल्यावर पहिल्याच प्रयत्नांत फेऱ्या ५९ सेकंदांच्या झाल्या. ५९ सेकंदांच्या दहा फेऱ्या आणि मधले दोन-दोन मिनिटांचे नऊ थांबे यांची बेरीज २७ मिनिटे ५० सेकंद होते. जगातील सर्वांत गाजलेल्या मैलाची तयारी अर्ध्या तासात मावत होती.

६ मे १९५४ रोजी सकाळी बॅनिस्टर रुग्णालयात गेला, तिथल्या प्रयोगशाळेतील सहाणेवर त्याने बुटांचे खिळे घासून टोकदार केले आणि रेल्वेने ऑक्सफर्ड गाठले. इफ्ली रोडच्या ट्रॅकवर वारा सुटला होता. धावावे की नाही हे शेवटपर्यंत ठरत नव्हते. पहिल्या दोन फेऱ्या ब्रॅशर पुढे राहिला, मग चॅटवेने सूत्रे घेतली आणि शेवटच्या फेरीत बॅनिस्टर त्याला मागे टाकून निघाला. वेळ लागला ३ मिनिटे ५९.४ सेकंद. निकाल जाहीर करणारा निवेदक होता नॉरिस मॅकव्हर्टर. पुढे चॅटवेने शब्द टाकल्यामुळे त्याला आणि त्याच्या जुळ्या भावाला गिनीज विक्रमांच्या पुस्तकाचे संपादन मिळाले. सेहेचाळीस दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने तो विक्रम मोडला, पण नाव राहिले ते बॅनिस्टरचे. ब्रॅशरने १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले आणि १९८१ साली लंडन मॅरेथॉन सुरू करण्यात पुढाकार घेतला. बॅनिस्टर मज्जातंतूंच्या विकारांचा नामांकित डॉक्टर झाला.

तुकड्यातुकड्यांत धावण्याने एवढा फरक का पडतो, हे शरीराच्या हिशेबात शिरल्यावर कळते. प्रत्येक माणसाचे शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते याला मर्यादा असते. ही मर्यादा जितकी वर, तितका लांब पल्ल्याचा धावपटू सरस. ती वाढवायची तर शरीराला त्या मर्यादेजवळ बराच वेळ ठेवावे लागते. पण त्या वेगाने सलग धावले तर सराईत माणूसही दहा मिनिटांच्या आसपास हात टेकतो. तेच काम तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत विभागले की एका दिवसात पंधरा-अठरा मिनिटे होते. मात्र तुकडे फार छोटे करून भागत नाही. धावायला लागल्याबरोबर ऑक्सिजनचा खप एकदम वर जात नाही. त्याला वरची पातळी गाठायला दोनेक मिनिटे लागतात. यासाठीच तीन ते पाच मिनिटांची धाव ही या सरावाची नेहमीची लांबी ठरली. मधला थांबा फार लांबवला तर खप पुन्हा तळाला जातो आणि पुढच्या धावेत ती दोन मिनिटे नव्याने खर्च करावी लागतात. उतू जाऊ पाहणाऱ्या दुधाखालची आच कमी करावी पण बंद करू नये, तसा हा थांबा असावा. म्हणूनच जाणकार धावपटू थांब्यात उभे राहत नाहीत, कंबरेवर हात ठेवून वाकत नाहीत, संथ पावलांनी धावत राहतात.

स्टॉकहोममध्ये १९६०च्या सुमारास ऑस्ट्रांड दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत दाखवले. ज्या जोराने सायकल मारताना माणूस सलग दहा मिनिटेही टिकत नव्हता, तेच काम अर्धे मिनिट श्रम आणि अर्धे मिनिट विश्रांती अशा तुकड्यांत तो तासभर करू शकला, आणि रक्तातील लॅक्टेटही फारसे वाढले नाही. तुकडे तीन-तीन मिनिटांचे केले तेव्हा मात्र त्याची दमछाक झाली. एकूण काम तेवढेच असूनही तुकड्याच्या लांबीवर त्याचा शरीरावरील परिणाम ठरतो, हा या प्रयोगांचा धडा. लॅक्टेटबद्दल मात्र एक गैरसमज अजून टिकून आहे. ते विष किंवा कचरा मानले जाते, आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या ठणकल्या की खापर त्याच्यावर फुटते. वास्तविक धावणे संपल्यावर तासाभरात ते रक्तातून बव्हंशी निघून जाते. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात. दुसऱ्या दिवशीची ठणक स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेची असते.

नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील संशोधकांनी २००७ साली चार मिनिटांच्या चार धावा आणि मध्ये तीन मिनिटांचे संथ धावणे, हा प्रकार तपासला. आठवडे आठ, आठवड्यातून तीन दिवस. तेवढेच एकूण काम संथ, सलग धावून करणाऱ्यांपेक्षा या गटाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता स्पष्टपणे अधिक वाढली. जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ साली अभ्यासलेला वीस सेकंद श्रम, दहा सेकंद विश्रांती हा प्रकार जगभरच्या जिममध्ये पोचला आहे, पण तो वेगाने स्केटिंग करणाऱ्या खेळाडूंच्या सरावातून आलेला. हौशी धावपटूच्या कामाचा नाही. त्याच्या जास्त कामाचा आहे कोपनहेगन विद्यापीठातील येन्स बांग्सबो आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडलेला प्रकार. तीस सेकंद संथ, वीस सेकंद मध्यम आणि दहा सेकंद जीव तोडून, असे मिनिटभराचे चक्र पाच वेळा सलग. मग दोन मिनिटे विश्रांती. असे तीन-चार संच. सात आठवड्यांत हौशी धावपटूंची ५ किलोमीटरची वेळ सरासरी ४८ सेकंदांनी सुधारली, तेही एकूण धावणे जवळजवळ निम्मे कमी करून. या पद्धतीत अंतर मोजायचेच नसते, त्यामुळे वेगवान आणि मंद माणसे एकाच ठोक्यावर सराव करू शकतात.

मैत्रीच्या गटापुढची खरी अडचण वेगातील या फरकाचीच असते. क्लबमध्ये खेळाडू वेगाप्रमाणे विभागलेले असतात. कचेरीच्या गटात मात्र पंचविशीतला धावपटू, पन्नाशीतला हिशेबनीस आणि बाळंतपणानंतर पुन्हा धावू लागलेली सहकारी एकत्र असतात. सगळ्यांना चारशे मीटरच्या फेऱ्या दिल्या तर ५ किलोमीटर वीस मिनिटांत धावणारा एक मिनिट ३६ सेकंदांत पोचतो आणि अर्धा तास घेणारी दोन मिनिटे २४ सेकंदांनी. पहिला वाट पाहून गार पडतो, दुसरीला दम खायला मिळत नाही. यावरचा तोडगा साधा आहे आणि कुणी शोधून काढला याची नोंद नसली तरी बागेत धावणाऱ्या गटांना तो चांगला ठाऊक आहे. अंतर सोडून वेळ धरायचा. बागेतील सरळ रस्त्यावर एखादे झाड निशाणी म्हणून ठरवतात आणि शिट्टी झाली की सगळे एकाच दिशेने तीन मिनिटे धावतात. तीन मिनिटांनी पुन्हा शिट्टी. ५ किलोमीटरला १९ मिनिटे घेणारा तोवर सुमारे ७९० मीटर गेलेला असतो, ३१ मिनिटे घेणारी सुमारे ४८०. जो जिथे आहे ती जागा लक्षात ठेवून पंचेचाळीस सेकंद संथ पुढे आणि पंचेचाळीस सेकंद संथ मागे, म्हणजे पुन्हा आपापल्या जागी. तिसऱ्या शिट्टीला सगळे उलट फिरतात आणि तीन मिनिटे परत धावतात. प्रत्येकाने आपला वेग सारखा राखला असेल तर सातही जण एकाच क्षणी झाडाशी येतात.

या उलट फेरीत एक गंमत आहे. जाताना जोश दाखवून जो ऐपतीबाहेर धावला, तो येताना झाडापर्यंत पोचतच नाही. शिट्टी होते तेव्हा तो चाळीस-पन्नास मीटर मागे असतो आणि बाकीचे झाडाशी उभे राहून त्याच्याकडे पाहत असतात. कुणी काही बोलत नाही, बोलायची गरजही नसते. इंटर्व्हलमधील सर्वांत सार्वत्रिक चूक म्हणजे पहिली धाव अति वेगाने घेणे, आणि ती सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. शेवटची धाव पहिलीइतकीच झाली पाहिजे, किंचित जलद झाली तर उत्तम. बॅनिस्टरच्या दहा फेऱ्यांचे बळ त्या सारखेपणातच होते.

तासाचा हिशेब असा बसतो. साडेबाराला कपडे बदलायला पाच मिनिटे. मग बारा मिनिटे वॉर्म अप: आठएक मिनिटे अगदी संथ धावणे, नंतर गुडघे उंच उचलून आणि टाचा मागे आपटून चालण्या-धावण्याचे प्रकार, शेवटी ऐंशी मीटरपर्यंत हळूहळू वेग वाढवत नेण्याच्या चार धावा. एकाच जागी उभे राहून स्नायू ताणत बसणे या वेळी उपयोगाचे नाही. तो भाग नंतरचा. थंडीत वॉर्म अपला कात्री लावण्याचा मोह होतो आणि पोटरीचा किंवा मांडीच्या मागचा स्नायू दुखावतो तो अशाच दिवशी. त्यानंतर तीन मिनिटांच्या सहा धावा आणि मधल्या दीड मिनिटांचे पाच थांबे, मिळून साडेपंचवीस मिनिटे. सात मिनिटे संथ धावत परत. दहा मिनिटांत अंघोळ आणि दीडच्या ठोक्याला टेबलाशी. तिकडच्या अनेक कचेऱ्यांत सायकलने येणाऱ्यांसाठी शॉवर असतो म्हणून हे जमते. जिथे तो नाही तिथे असे गट उभेच राहत नाहीत.

वेग किती असावा याचे कोष्टक शोधत बसण्यापेक्षा ५ किलोमीटरच्या आपल्या ताज्या शर्यतीचा वेग धरावा. तीन मिनिटांच्या धावेला तो बेतशीर असतो. घड्याळ नसले तरी ओळख सोपी आहे: धावताना दोन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये आणि दम खाताना वाक्य पुरे करता यावे. मैत्रीच्या गटात ही कसोटी आपोआप घेतली जाते, कारण थांबा सुरू होताच कचेरीच्या गप्पा जिथे तुटल्या तिथून पुढे चालू होतात. चौथ्या धावेनंतर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही त्याने पुढची धाव सोडून संथ चालावे. एखादी धाव सोडली म्हणून मान खाली घालायचे कारण नाही.

सोबतीने श्रम सोसवतात हे अनुभवाने कुणीही सांगेल, पण त्याला थोडा पुरावाही आहे. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट याने १८९८ सालीच दाखवून दिले होते की सायकलपटू एकट्यापेक्षा इतरांच्या सोबतीने जलद जातात. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात यंत्रावर एकट्याने आणि गटाने सारखेच श्रम करून घेतले गेले. गटात वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सहन करण्याची ताकद अधिक आढळली. प्रत्यक्ष फायदा मात्र याहून साध्या गोष्टीत आहे. पावसाची भुरभुर चालू असताना साडेबारा वाजता खुर्चीतून उठायला लागते ते बल, खाली कुणी तरी वाट पाहत उभे आहे या जाणिवेतून येते. एकट्याने करायच्या इंटर्व्हलचे वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यात कोलमडते, हे बहुतेक हौशी धावपटू कबूल करतील.

गटाचे शिष्टाचारही ठरलेले असतात. ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने धावायचे, आतली पहिली लेन वेगाने धावणाऱ्यासाठी मोकळी ठेवायची, दम खायचा तो बाहेरच्या लेनमध्ये. बागेत धावताना बाबागाडी, वृद्ध आणि कुत्री यांचा मान आधी. विशेषतः इंग्रजांच्या बागेत कुत्र्याशी हुज्जत घालून कुणी जिंकलेले नाही. शिट्टी दर आठवड्याला वेगळ्याकडे द्यावी. कायम एकाच्याच हाती राहिली की मित्रांच्या गटाचा क्लास होतो. शेवटची धाव कधीमधी उलट क्रमाने घेतात: सर्वांत मंद आधी निघतो, मग दुसरा, सर्वांत वेगवान शेवटी, आणि सगळे एकमेकांना गाठत झाडाशी येतात. पन्नाशीतल्या हिशेबनिसाला पंचविशीतल्याच्या पुढे पोचण्याची संधी मिळते ती याच दिवशी.

पोटाची व्यवस्था नीट लागली नाही तर दुपारचा सराव फसतो. भरल्या पोटी जोरात धावले की कुशीत कळ येते, मळमळते. सकाळी सात-आठला नीट न्याहारी, साडेदहा-अकराला एखादे केळे आणि दुपारचे जेवण धावून झाल्यावर, हा क्रम बहुतेकांना मानवतो. चहा-कॉफी चालते, पाणी मात्र सकाळपासून घोट घोट प्यावे. ऐन बारा वाजता तांब्याभर पाणी रिचवून उपयोग नाही. जेवण टाळून तर मुळीच चालत नाही. धावल्यानंतर तासाभरात पोटात भात-पोळी आणि डाळ, अंडी किंवा दही गेले की तीन वाजता टेबलावर डुलकी येत नाही.

हा सराव आठवड्यातून एकदा पुरे, फार तर दोनदा, मध्ये दोन दिवसांचे अंतर ठेवून. बाकीचे धावणे संथच असावे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचा तर आग्रहच होता की आधी कित्येक आठवडे लांब, संथ धावून पाया घालावा आणि वेगाचा सराव मागाहून थोडाच करावा. त्यांचा शिष्य पीटर स्नेल याने १९६० आणि १९६४ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर जिंकून तो आग्रह सिद्ध केला. उलट हंगेरीचे मिहाय इग्लोई जवळजवळ सगळा सराव तुकड्यांतच करून घेत, आणि त्यांच्याही शिष्यांनी १९५०च्या दशकात जागतिक विक्रम रचले. हा वाद अव्वल खेळाडूंचा. हौशी माणसापुरता लिडियार्डच खरा: ज्याला अर्धा तास सलग, न थांबता संथ धावता येत नाही त्याने इंटर्व्हलच्या वाटेला जाऊ नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. धावताना छातीत दाटून आले, चक्कर आली किंवा हात-जबड्यात कळ गेली तर तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी तपासून घ्यावे.

महाराष्ट्रात ही दुपार तशीच्या तशी आणता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात भर दुपारी जोरात धावणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे कमी तापमानातही शरीर तापते. इथले गट शिवाजी पार्कवर किंवा पुण्याच्या सणस मैदानावर पहाटे जमतात ते यासाठीच. पद्धत मात्र तीच चालते. ब्रॅशरने ज्या स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ४१.२ सेकंदांत सुवर्ण जिंकले, त्याच शर्यतीत बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ साली पॅरिसमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत धावला, आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचली. पस्तीस अडथळ्यांच्या या शर्यतीची तयारी तुकड्यांत धावल्याशिवाय होत नाही.

इथे कचेरीच्या सुट्टीतच धावायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत, पुणे-नाशिकसारख्या गावी, सावलीचा रस्ता पाहून जमेल. त्या वेळीही टोपी आणि पाणी बरोबर असावे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिले तीन आठवडे सहाऐवजी दोन-दोन मिनिटांच्या चारच धावा घ्याव्यात, मध्ये दोन मिनिटे चालावे, आणि पाचवी घ्यावीशी वाटली तरी ती पुढच्या आठवड्यासाठी ठेवावी.